सकाळी अकराची पालकसभा: खानदेशातल्या एका प्राथमिक शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेर-पारोळा पट्ट्यातली जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा. दोन शिक्षक, पट पन्नाशीच्या आसपास. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. मुख्याध्यापक याच भागातले, घरी अहिराणी बोलणारे. सहशिक्षिका पश्चिम महाराष्ट्रातून नेमणूक होऊन आलेल्या. गावात त्यांना सगळे मॅडम म्हणतात.

गाव कापसाचं. विहिरीला पाणी असलेले शेतकरी मेअखेरीस लागवड करतात, बाकीचे पावसाची वाट बघतात, आणि दसऱ्याच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की गाव सकाळी रिकामं होतं. गावठाणातल्या बऱ्याच घरांची मुलं व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती थोड्या जमिनीवाल्यांची मुलं आणि भिलाटीतली, म्हणजे भिल्ल वस्तीतली मुलं. पटावर निम्म्याहून जास्त मुलं भिलाटीतली आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत बोलणारी माणसं मात्र जवळजवळ सगळी गावठाणातली होती. पुढचं बरंचसं या एका विसंगतीतून उलगडतं.

कायद्यात काय आहे हे बहुतेक शिक्षकांना पाठ असतं. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि दुर्बल, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. राज्याच्या नियमांनुसार बैठक दर महिन्याला. कागदावर ही शाळा यात कुठेही कमी नव्हती. महिला सदस्य पुरेशा होत्या, भिलाटीतल्या तिघी होत्या, बैठकीचं रजिस्टर दरमहा भरलेलं होतं.

शाळेचे महिनेही ठरलेले. जूनच्या मध्याला प्रवेशोत्सव, मग आषाढीची दिंडी, १५ ऑगस्ट, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबर, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारी, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रत्येकाचं परिपत्रक येतं, फोटो वर जातात. १५ ऑगस्टला आणि स्नेहसंमेलनाला पटांगण भरायचं, त्यामुळे आपल्याकडे पालकांचा सहभाग चांगला आहे असंच शाळेला वाटत होतं.

अडचण

मासिक बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला ठेवलेली असायची. शाळा सकाळची असते, मुलं लवकर सुटतात, शिक्षकांना सोयीचं. येणारे चार-पाच जण, त्यात अध्यक्ष आणि गिरणीवाले भाऊ ठरलेले. उरलेल्या सह्या चौथीतला एखादा मुलगा रजिस्टर घेऊन घरोघर फिरून आणायचा. महिला सदस्यांच्या जागी बऱ्याचदा त्यांच्या यजमानांनीच सही केलेली असे. हे काही या एका शाळेचं गुपित नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे प्रकरण चर्चेला ठेवलं तेव्हा या भागावर कुणीच काही विचारलं नाही. अनेकांनी नुसती मान हलवली.

अडचण दिसली ती हजेरीपटावर. सलग दोन वर्षं दिवाळीनंतर हजेरी घसरत गेली आणि संक्रांतीपर्यंत वर आली नाही. भिलाटीतल्या तिसरी-चौथीच्या मुली सगळ्यांत आधी गळायच्या. दुसऱ्या वर्षी भिलाटीतली काही कुटुंबं ऊसतोडीला निघून गेली आणि शाळेला ते आठवड्यानंतर, पोषण आहाराचं धान्य मोजताना कळलं. मुख्याध्यापकांना सगळ्यांत जास्त हेच लागलं. आपल्या वर्गातलं मूल जिल्ह्याबाहेर गेलं आणि आपल्याला तांदळाच्या हिशोबातून कळावं!

त्यांनी भिलाटीत जाऊन एका आईला विचारलं, तुम्ही बैठकीला का येत नाही. तिचं उत्तर असं होतं: ‘मिटिंगले ऊनूत ते मजुरी कोन दी, गुरुजी?’ (मीटिंगला आलो तर मजुरी कोण देईल?) आणि थोडं थांबून: ‘आनि आम्हनं तठे काय काम शे?’

पहिल्या प्रश्नावर शाळेने लगेच विचार सुरू केला. दुसऱ्याकडे वळायला बरेच महिने गेले.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या बैठकीत, म्हणजे त्याच चार-पाच जणांत, चर्चा झाली.

एका सदस्याचं म्हणणं, जे चाललंय ते चालू द्या. झेंड्याला लोक येतात, स्नेहसंमेलनाला येतात, तिथेच दहा मिनिटं बोलून घ्या. हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही, कारण गर्दी खरी असते. पण त्या गर्दीत आई मुलीचा नाच बघायला आलेली असते. माईकवरून विचारलेल्या प्रश्नाला ती तिथे उत्तर देणार नाही.

दुसरा पर्याय व्हॉट्सॲप गटाचा. तो आधीच होता. भिलाटीत घरटी एक फोन, तो पुरुषाकडे, दिवसभर शेतात किंवा ट्रॅक्टरवर, आणि रिचार्ज संपला की महिनाभर बंद. सुट्टी जाहीर करायला गट बरा, त्यापलीकडे नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

तिसरी सूचना अध्यक्षांची, गावात त्यांना जिभाऊ म्हणतात. गणवेश पालक स्वतः बैठकीला आल्याशिवाय द्यायचा नाही. एकदा सक्ती केली की सवय लागते. दोन सदस्यांना ते पटलंही. मुख्याध्यापकांनी नकार दिला. गणवेश मुलाच्या हक्काचा, त्याची आई मजुरीवर गेली म्हणून तो अडवता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण व्यवहाराचं होतं आणि माझ्या मते ते जास्त वजनाचं आहे: सक्तीने आलेली आई सही करते आणि जाते. शाळेला जी माहिती हवी होती, ती अशा आईकडून कधीच मिळत नाही.

चौथा पर्याय वेळ आणि जागा बदलण्याचा. तोच घेतला.

पहिला प्रयत्न: मारुतीचा पार

ऑगस्टची बैठक रात्री साडेआठला मारुतीच्या पारावर ठेवली. माणसं भरपूर आली. पारावर पुरुष बसले, गावठाणातल्या बाया समोरच्या ओट्यांवर पदर सावरून उभ्या राहिल्या, आणि भिलाटीतून एकच गृहस्थ आला तो रस्त्याच्या कडेला मोटारसायकलला टेकून उभा राहिला. चर्चा शाळेच्या कंपाउंडवर झाली, मग पाण्याच्या टाकीवर, मग ग्रामपंचायतीच्या राजकारणावर. दहा वाजता सगळे उठले.

उपस्थितीचा आकडा पाहिला तर ही वर्षातली सगळ्यांत यशस्वी सभा होती. मुख्याध्यापक खूश होते. मॅडम नव्हत्या. ज्यांची मुलं वर्गात बसतात त्यांच्यातलं कुणीच बोललं नाही, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी हजेरीपट पुढे ठेवून, एकेका नावावर बोट ठेवत दाखवलं. पार गावाचा म्हणतात. तो नक्की कुणाचा आहे हे त्या रात्री दिसलं.

निर्णयाची जागा: एक सभा की दोन

मुख्याध्यापकांनी सुचवलं की भिलाटीत वेगळी बैठक घेऊ. यावर दोन शिक्षकांत खरा मतभेद झाला. मॅडमचं म्हणणं, शाळेनेच दोन सभा घेतल्या तर गावात जी रेघ आहे ती शाळा गडद करते. मुलं एका पंगतीत खिचडी खातात आणि पालकांना आपण वेगवेगळं बसवायचं? मुख्याध्यापकांचं म्हणणं, एका सभेत त्या बाया बोलणार नाहीत आणि न बोलता बसवणं हीसुद्धा रेघच आहे.

दोघांचंही खरं होतं. शेवटी जे ठरलं त्याने प्रश्न सुटला नाही, पण काम पुढे गेलं. महिन्यातून एकदा भिलाटीत आणि एकदा गावठाणात, संध्याकाळी, अर्ध्या तासाची पालकबैठक घ्यायची. या दोन्हीकडे निघालेले मुद्दे महिन्याअखेरीच्या अधिकृत समिती बैठकीत विषय म्हणून घ्यायचे. ती बैठक शाळेतच व्हायची आणि तिथे दोन्हीकडचे सदस्य एकत्र बसायचे. दिवस ठरला आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळचा. बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे मिळतात, त्या संध्याकाळी कुणी मोकळं नसतं. आदल्या दिवशी मात्र बाया घरी असतात. हे अंगणवाडी सेविकेने सांगितलं. ती गावातलीच आणि दोन्हीकडे उठबस असलेली.

घरोघर सह्या गोळा करणं त्याच महिन्यात थांबलं. याची किंमत मोजावी लागली. सप्टेंबरच्या समिती बैठकीला गणपूर्ती झाली नाही आणि तसंच रजिस्टरात लिहिलं. वरून विचारणा आली, बाकीच्या शाळांच्या बैठका होतात, तुमचीच कशी तहकूब होते. मुख्याध्यापकांनी तहकूब बैठक पुन्हा बोलावली, पण जुने रकाने भरून दिले नाहीत. मला विचाराल तर या संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यांत धाडसाचं काम हेच होतं, आणि त्याचा फोटो कुठल्याच अहवालात नाही.

खिचडीची वेळ

भिलाटीतल्या पहिल्या बैठकीत शिक्षकांनी काहीच सांगायचं नाही, फक्त विचारायचं असं ठरवलेलं. सुरुवातीला शांतता. मग एका आजीने विचारलं की खिचडी इतकी उशिरा का देता. शाळेत जेवण दीडला व्हायचं. आया सात-साडेसातला शेताकडे निघतात, लेकरू सकाळी चहा आणि असलीच तर शिळी भाकरी खाऊन येतं, बाराला त्याच्या पोटात कावळे ओरडतात. छोट्या सुट्टीत घरी पळालेली मुलं परत का येत नाहीत, याचं उत्तर शाळेला तिथे मिळालं. शिक्षक आजवर त्याला अभ्यासाची नावड समजत होते.

पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं पोषण आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे. धान्य मोजून दिलं जात होतं, चव रजिस्टर भरलं जात होतं, सगळं नियमात. फक्त वेळ मुलाच्या भुकेशी जुळत नव्हती. समितीच्या ठरावाने जेवण साडेबाराला आणलं. स्वयंपाकी ताईंना तासभर लवकर यावं लागणार होतं, म्हणून त्यांना विचारूनच ठरलं. चव बघायला दररोज एक आई, दोन्हीकडच्या आळीपाळीने, अशी यादी मुलांनीच तयार केली.

बदल लहान होता, पण यानंतर बैठकीला येणाऱ्या बाया वाढल्या. आपण बोललो आणि शाळेने घड्याळ हलवलं, ही बातमी गिरणीवर पसरली. शाळेनेही मग महिन्याचं पान, म्हणजे पुढच्या चार आठवड्यांत काय काय आहे याचा हाताने लिहिलेला कागद, शाळेच्या फलकाऐवजी गिरणीच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. दळण दोन्हीकडून येतं. वाचता न येणाऱ्यांना गिरणीवाले भाऊ वाचून दाखवत, न विचारता, आणि स्वतःच्या टिप्पणीसह.

भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत शाळेत भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा उत्सव, बसवली. मुलींनी गाणी म्हटली, खाऊ ओळखण्यावरून भांडणं झाली, आया जमल्या. भिलाटीतल्या मुली पहिले दोन-तीन दिवस कडेला उभ्या होत्या, मग फेरात शिरल्या. शाळेने त्या दिवसांत मुद्दाम एकही सूचना दिली नाही. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. दरेक जमलेल्या माणसाला काहीतरी ऐकवायचंच, ही शिक्षकांची जुनी खोड आहे.

निर्णयाची जागा: वेचणी आणि धाकटी भावंडं

ऑक्टोबरच्या भिलाटीतल्या बैठकीत खरा प्रश्न आला. मुली शाळेला का येत नाहीत? कारण धाकट्याला कोण सांभाळणार. वेचणी किलोवर असते. सकाळचे दोन तास गेले की बाजाराच्या दिवशी हातात येणारी रक्कम कमी. अंगणवाडी उघडते तोवर आई शेतात पोचलेली असते आणि दुपारी ती बंद होते तेव्हा आई परतलेली नसते. मधला सगळा वेळ नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

एका आईने सुचवलं की मुलीला भावाला घेऊन शाळेत येऊ द्या. मॅडम तयार होत्या. मुख्याध्यापक नव्हते. रांगतं मूल वर्गात आलं तर ती मुलगी शाळेत असूनही शिकणार नाही, आणि पटावर नसलेल्या मुलाला काही झालं तर जबाबदारी कुणाची, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

दुसरी सूचना समिती बैठकीत भिलाटीतल्या सदस्य बाईने केली. रजिस्टरात तिची सही वर्षभर होती, बोलणं प्रथमच नोंदलं गेलं. ती म्हणाली, शेतमालकांनी बायांना तासभर उशिरा बोलवावं. समितीतल्या बहुतेक पुरुषांची स्वतःची कपाशी होती. म्हणजे मुलगी घरी राहिल्याने ज्यांची वेचणी वेळेवर होते, तेच तिच्या गळतीवर ठराव करायला बसले होते. खोलीत शांतता झाली. जिभाऊंनी ती मोडली. ते म्हणाले, पहाटेच्या दवात वेचलेला कापूस ओला लागतो, व्यापारी ओलावा दाखवून भाव पाडतो, मग उन्हं आल्यावर वेचलेलं आपल्यालाच बरं. यावर ती बाई हसून म्हणाली की ओला कापूस वजनाला भरतो, आम्हाला तोच बरा. पुढे यातून काही ठरलं नाही. दोन शेतकऱ्यांनी आपल्यापुरतं उशिरा बोलवायचं कबूल केलं, एकाने ते पाळलं. पण त्या खोलीत मालक आणि मजूर पालक म्हणून एकमेकांशी पहिल्यांदा बोलले होते.

ठरलं ते असं. भिलाटीतल्या दोन आज्या, ज्यांना आता वेचणी झेपत नाही, सकाळी साडेसातपासून शाळेच्या व्हरांड्यात धाकट्या मुलांना घेऊन बसतील. अंगणवाडी उघडली की तीन वर्षांवरची तिकडे जातील, दुपारी परत येतील. पैसे आयांनी बाजाराच्या दिवशी परस्पर आज्यांना द्यायचे. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान, जे ३१ ते १०० पटाला २५ हजार रुपये असतं, मानधनावर खर्च करता येत नाही, म्हणून तो विचार तिथेच सोडला. दोन घरांना पैसे देणं शक्य नव्हतं. त्यांचं गिरणीवाले भाऊंनी उचललं, नाव न लिहिता. जबाबदारीचा मुद्दा ठरावात स्पष्ट लिहिला: व्हरांडा शाळेचा, सांभाळ पालकांचा.

काय साधलं, काय नाही

त्या हिवाळ्यात तिसरी-चौथीच्या मुलींची हजेरी आधीच्या दोन वर्षांसारखी कोसळली नाही. घसरली, पण नाताळाच्या आत सावरली. चौथीतल्या मोठ्या मुलग्यांवर काहीच परिणाम झाला नाही. ते भाऊ सांभाळायला नव्हे, स्वतः वेचायला जात होते आणि त्यांचं वजन वेगळं मोजलं जात होतं. या प्रश्नाला शाळेने हात घातलेला नाही.

सगळ्यांत भक्कम फरक स्थलांतराच्या बाबतीत दिसला. यंदा कोण, कधी, कुठल्या कारखान्यावर जाणार, हे दिवाळीआधीच्या बैठकीत आयांनीच सांगितलं. निघण्याआधी त्या मुलांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देता आलं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. दोन मुलं आजी-आजोबांकडे मागे राहिली. एकाचं कार्ड तिकडच्या शाळेने बघितलं आणि त्याला वर्गात घेतलं. इतरांचं काय झालं ते मार्चमध्ये मुलं परतल्यावर कळलं: फडापासून शाळा लांब होती.

वेगळं काय करता आलं असतं

पारावरची सभा टाळता आली असती. अंगणवाडी सेविकेला जुलैतच विचारलं असतं तर दिवस आणि जागा दोन्ही तिने सांगितल्या असत्या. शाळा समितीला विचारत राहिली आणि समितीला भिलाटीतलं माहीत नव्हतं.

महिला सदस्यांच्या जागी यजमानांच्या सह्या, हे सगळ्यांत आधी थांबायला हवं होतं, आणि त्याला पैसा किंवा परवानगी लागत नाही. समितीची निवड करतानाच पालकसभा भिलाटीत घेतली असती तर वेगळी नावं पुढे आली असती.

दोन सभांवर मॅडमचा आक्षेप अजून उभा आहे. महिन्याअखेरीची एकत्र बैठक भरते, पण गावठाणातल्या पालकबैठकीला आता फारच थोडे येतात. तिथल्यांची कामं समितीतून होतातच, मग संध्याकाळी कशाला यायचं, असं त्यांना वाटत असावं. या बाजूकडे शाळेने पुरेसं लक्ष दिलं नाही असं माझं मत आहे.

आज्यांची व्यवस्था दोन माणसांवर टेकलेली होती. दुसऱ्या हंगामात त्यांतली एक मुलाकडे सुरतेला गेली आणि व्हरांडा बंद पडला. तेव्हा शाळेने काही सुचवायच्या आत भिलाटीतल्या चौघी मुख्याध्यापकांकडे आल्या. अंगणवाडी वेचणीच्या महिन्यांत सकाळी लवकर उघडावी, असा अर्ज प्रकल्प कार्यालयाला करायचा आहे, तो लिहून द्या म्हणाल्या. अर्ज मॅडमनी लिहिला, ठराव समितीने जोडला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर एक आजी आणि दररोज एक आई, अशा पाळ्या त्यांनी आपसात लावल्या आहेत.